जाताना काय म्हणाला

मंगळवार पेठेतल्या परदेशी नोटा बदलून देणाऱ्या दुकानात स्नेहल आपला नंबर यायची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर नुकतंच दुबईहून परतलेलं एक वयस्कर जोडपं होतं. त्यांचं हळू बोलणंसुद्धा अख्ख्या दुकानाला ऐकू जात होतं.

"अवं, ख्वाजाला पैसं द्यायला नको हुतं."

"परत तेच! ड्रायव्हरला बक्षिसी द्यायची तिकडची रीतच हाय. टूरवाल्यानं बजावून सांगितलंवतं."

"तुमच्या छातीत कळ आली, तवा त्यो ड्रायव्हर हुता व्हय? दिसभर दवाखान्यात माझ्याजवळ बसला. बायकोकडनं खिचडी करून आणली. आक्का म्हणायचा मला."

"म्हणून तर जास्त दिलं की."

"त्यानं हात मागं घेतला, तरी तुमी खिशात कोंबलं."

"मला वाटलं, लाजतोय."

"पोरीच्या लग्नाला हैदराबादला या म्हणत हुता. विमानतळावर नंबर देतो म्हणला हुता. ते पैसं तुमच्या बॅगेवर ठिवलं आन् गाडीत जाऊन बसला. माझ्याकडं वळून बघितलंबी न्हाय."

पहिल्यांदाच काकांचा आवाज खाली आला.

"रोज जिजाजी म्हणून हाक मारायचा गं मला. जाताना सायब म्हणला."

"व्हय. ऐकलं मी."