गौतमचा डोळा

मी मूळचा शाहूवाडीकडचा, डोंगरातला. तिकडं भाताबिगर दुसरं काय पिकत न्हाय, आणि आमच्या वाट्याला तर तूसच जास्त. म्हणून अठराव्या वर्षी कबनूरला आलो, कापडाच्या मागावर. आता तुमच्या बिल्डिंगचा वॉचमन हाय, पण हाडाचा मागवालाच. मोठ्यानं बोलतो म्हणून बिचकू नका ताई, तीस वर्सं खडखडाटात काढली की. बायको म्हणते, तुम्ही घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळतंय.

काम मला गौतमनं शिकवलं. एका खोलीत ऱ्हायचो, त्याची आई दोघांस्नी भाकरी थापायची. गावात कळलं असतं कुणाच्या घरी जेवतोय, तर आमच्या आज्यानं दारात घेतलं नसतं. आडवं सूत घेऊन पळतो तो धोटा कसा भरायचा, सुताचा तुटलेला तार कसा जोडायचा, सगळं त्याच्याकडनं. कारखान्यात शेजारच्याचं ऐकू येत न्हाय, तवा आम्ही हातानं बोलायचो. मूठ वळली की माग थांबव. तळवा हलवला की बघितलंय, चालू दे. दोन-चारच खुणा, पण त्यात खोटं करायचं न्हाय.

एका शनिवारी गावाकडं जत्रा, दुपारची यष्टी धरायची होती. पीस उतरायला हातभर कापड ऱ्हायलतं आणि माझा एक माग वायलाच वाजायला लागला. धोट्याला टोला देतो तो पिकर चिरला असणार, मला कळलतं. पण थांबवायचा म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला हुडकायचं, तो चहाला गेलेला, म्हणजे यष्टी गेली. शेजारच्या मागावरनं गौतमनं मूठ वळून दावली. मी तळवा हलवला. बघितलं नव्हतं, ताई. त्यानं मान डोलावली आणि आपला तार जोडायला वाकला. तो वर बघायला आणि माझ्या मागातनं धोटा उडायला एकच गाठ पडली. लाकडी धोटा, दोन्ही टोकाला लोखंड. गौतमचा डावा डोळा गेला. आणि ती यष्टी, ती पण गेलीच की.

पिकर तुटून पडलता, पण तो आधी चिरलता का न्हवता हे कोण सांगणार. दवाखान्यात त्यानं एकच विचारलं, पिकर बघितलतास न्हवं? मी व्हय म्हटलं. त्याची आई उशाला हुबी होती, तिच्यादेखत. वर म्हटलं, नशिबात होतं गौतम. तर म्हणाला, आमच्यात नशीब मानत न्हाईत, कारण असतंय. मग कारण हुडकत बसला बिचारा, आणि सापडलं काय, तर म्हणायचा, मीच नको तिथं वाकलो.

एका डोळ्यावर माग कोण देतंय? बायकांच्यात बसून सुताच्या कांड्या भरायला लागला. बाया म्हणायच्या, गौतमदादा, बांगड्या कुठल्या मापाच्या आणू? तो हसायचा. नवीन पोरांस्नी सांगायचा, मी वाकलो, तुम्ही वाकू नका. बावीस वर्सं ऐकलं मी हे. काय सांगू तुम्हाला, दरसाल गावचा तांदूळ त्याच्या घरला पोचवला, त्याच्या आईला खांदा दिला. पण तो तांदूळ त्याच्यासाठी न्हवता, हे मलाच ठावं.

औंदा त्याच्या लेकीचं लग्न झालं. पंगतीत मी त्याच्या शेजारी. नव्या जावयानं विचारलं, मामा, डोळ्याला काय झालतं? गौतम म्हणाला, काय न्हाय, माझाच गाढवपणा. जावई हसला, गौतम हसला. मी पण हसलो. ते हसल्यालं मला काय गिळंना झालं.

आठ दिवसांनी गेलो आणि सांगून टाकलं सगळं. वरडला न्हाय. एवढंच विचारलं, कशापायी? मी म्हटलं, यष्टीपायी. मग आत बायकोला हाक मारून म्हणाला, चहा ठेवू नको, पावणं निघालेत.

पावणं म्हणाला मला. एका ताटात जेवल्याली माणसं आम्ही. चपला घातल्या आणि आलो.

आता फोन उचलत न्हाय. बायको म्हणते, एवढी वर्सं गप्प होता तसंच मरायचं होतं, काय मिळवलं? काय न्हाय मिळवलं. एक जिवाचं माणूस होतं, ते घालवलं. पण परवा कबनूरचा एकजण भेटला, तो म्हणाला, गौतम आता पोरांस्नी वाकल्याचं सांगत न्हाय, तुझं नाव घेऊन सांगतोय. घेऊ दे की. खरं तेच सांगतोय. त्या पोरांनी तरी पिकर बघावा. गौतम सुखात ऱ्हावा. मी हाय हितं, गेटवर.