बेटाजवळ मारलेली हाक

माझं माहेर हदगावकडलं, कोरडवाहू मुलखातलं, पाणी म्हणलं की मला आडातलंच मालूम, पोहरा सोडायचा आन् वढायचा. आन् दिलं कुठं, तर लोह्याकडं, नदीकाठच्या भोयाच्या घरात. काय सांगू तुम्हाला, लगीन होऊन आले तवा नदीच्या आवाजाचं सुदीक मला भेव वाटायचं, आन् मालक हसायचे. पुढं त्या नदीवर धरण झालं, आमचं गाव पाण्याखाली गेलं, आमी वर माळावर येऊन बसलो. देवळाचा उंचवटा व्हता तेवढा पाण्याच्या वर राह्यला, त्यालाच समदे बेट म्हणू लागले.

मग त्यो दुष्काळ पडला. लातूर नवाच जिल्हा झाला व्हता, तिकडं नवी नवी माणसं बदलून आली व्हती, त्यातलेच एक सर, कॉलेजात शिकवायचे, गळ्यात दुर्बीण घालून आमच्याकडं यायचे. आसपासची तळी आटलेली, आमच्या धरणातच काय ते पाणी, म्हणून कुठली कुठली पाखरं बेटावर उतरली. पांढरी, पिवळ्या चोचीची, डोक्यावर काळी टोपी घातल्यावानी. सर म्हणायचे हे नदीसुरय हायत, कमी होऊन राह्यलेत, उघड्या बेटावर अंडी घालतेत, जपा त्यांना. आमच्यासाठी ती पांढरी पाखरं. सर लोकांना दाखवायला आणायचे आन् मालक त्यांना पाण्यातून न्यायचे.

आता नाव कुठून आणता? गुऱ्हाळातली गुळाची कढई, तीच आमची नाव. मधोमध मांडी घालून बसायचं, कुणी एका अंगाला कललं की गरागरा फिरती. पाहुण्यांत बाईमाणूस असलं की मालक मलाबी संगं घ्यायचे, बाईला धीर म्हणून. मला कुठला धीर, पर जायची.

त्या दिवशी सरांनी बायकोला आणलं. उदगीरची, पेठेतल्या दुकानदाराची लेक, पाण्याला माझ्यावानीच भेणारी, माझा हात काई सोडीना. मी म्हणलं भेऊ नका बाई, काई होत न्हाई, आन् मीच तिचा हात आवळून धरला.

पाणी लई उतरलं व्हतं बगा. बेटाच्या अलीकडंच कढईचं बूड टेकलं आन् ती रुतून बसली. पुढं समदा गाळ, पर वरून वाळून तडकलेला, घट्ट रानावानी दिसायचा. मालक म्हणले, हितं तर आपली देवळाची वाट हाय, फरशीची, उतरतो आन् वढतो. मी म्हणलं नगा उतरू. म्हणले, येडी हायस का, बारका व्हतो तवापसून चाललोय, माझी वाट मला मालूम न्हाई? वाट व्हती, खोटं कशाला बोलू, पर तिच्यावर इतक्या सालांचा गाळ बसलेला त्यो कुणी बघितला व्हता? उतरले, थोडं चालले, आन् मांडीपतोर गेले. हसले सुदीक. मग पाय काढाया गेले तर कमरंपतोर गेले, मग काई हसले न्हाईत.

तेवढ्यात ती पाखरं उठली. अंड्यावरची पाखरं ती, त्यांना काय ठावं ह्यो माणूस मरून राह्यला, त्यांना वाटलं चोर आला. चिर्र चिर्र करत येतेत आन् डोक्यात चोच मारतेत. मालक हात हलवायले, आन् जेवढं हलतेत तेवढे खाली जातेत. छातीपतोर गाळ आला. सर उडी टाकाया उठले, कढई कलली, मी त्यांना सदरा धरून खाली बसिवलं, म्हणलं तुमीबी गेलाव तर कुणाला काढू? आन् मी वरडायले, अहो, अहो हलू नका, अहो! ऐकतंय कोण, त्यांचे डोळे फिरले व्हते, तोंडानं नुसता आ वासलेला. आन् मग मी त्यांना नावानं हाक मारली.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. उखाण्यात घ्यायचं तेवढंच. नुसतं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतंय म्हणतेत. पर मी घेतलं, बोंबलून घेतलं. आन् मालक थांबले. माझ्याकडं बघितलं आन् म्हणले, ओ.

मी म्हणलं आता हात आडवे टाका, हलू नका. आन् लुगडं सोडाया लागले तर बाईंनी माझा हात धरला, म्हणल्या तुमी नका, तुमच्या आत काई न्हाई, माझ्या आत परकर हाय. भेकड बाई ती, पर उभ्या उभ्या साडी फेडली की तिनं! सरांनी तोंड तिकडं फिरवलं आन् पाठमोरंच धरलं. साडीचं टोक मालकांनी मनगटाला गुंडाळलं, आमी वढतो तर ते जागचे हलंनात, उलट कढईच गाळावरून त्यांच्याकडं घसरायली. घसरू दे म्हणलं. कढईचा कान त्यांच्या हाताला लागला, मग आमी तिघं दुसऱ्या अंगाला कललो आन् एकदाचे वर आले. धोतर गाळातच राह्यलं. मग समद्यांनी हातानं गाळ लोटत लोटत कढई माघारी पाण्यात नेली. बाईंच्या निम्म्या साडीत गुंडाळून आणलं घरी, आन् दारात आल्यावर मी जी रडायले ती दिवसभर रडायले.

त्याला आता लई साल झाले. धरण भरलं, वाट परत पाण्याखाली गेली, जाऊ दे, तिथंच राहू दे तिला. मालकांना आता कमी ऐकू येतंय. अहो म्हणलं की ओ देत न्हाईत, मग मुद्दाम म्हणतेत, नावानं मार की हाक, त्या दिवशी कशी मारलीस? चेष्टा करतेत. मी न्हाई मारत. एकदा घेतलं नाव, देवानं त्याचा हिशोब धरला न्हाई, परत कशाला त्याला आठवण द्या? पर भेव गेलं न्हाई बगा. मागल्या दारी काम करत असले आन् पुढून त्यांचा आवाज आला न्हाई की मला त्यो उघडा आ दिसतो.

लिहून झालं का तुमचं? देव तुमचं भलं करो. जाताना ते बाजेवर बसलेत तिथं थांबा, त्यांचं नाव त्यांनाच इचारा, आन् जरा लांब जाऊन मोठ्यानं हाक मारा. ते ओ देतेत तेवढं मला हितं बसून ऐकू द्या.