चाळीस चिठ्ठ्या, चार गठ्ठे

...आणि यादी गुडुप! तुम्हाला सांगते, माउस केसभर हलला की डोळ्यांदेखत गुडुप! कॉम्प्युटरच्या नव्या प्रोग्रॅमात गोदामात माल आला एवढंच लिहायचं, तर आधी 'व्यवस्थापन', त्याच्या पोटात 'संसाधने', त्याच्या पोटात 'इतर', आणि तिथवर पोचताना हात जरा थरथरला की... चला, पुन्हा पहिल्यापासून! अहो, माणसाला सापडायला नको?

आणि हात कुणाचा थरथरतोय, तर आमच्या ह्यांचा! तीस वर्षं कड्याकुलपांचं गोदाम सांभाळलेला माणूस, दिवे गेले तरी चाचपून नेमकं बिजागर काढून देणारा! त्यांना साहेब सगळ्यांसमोर म्हणतात कसे, "काका, महिनाअखेरपर्यंत हा प्रोग्रॅम जमला तर ठीक, नाहीतर पॅकिंगला बसा." पॅकिंगला कोण बसतं? मी! मला काय, मी सरकून जागा दिली असती... पण त्या दिवशी ह्यांचा डबा तसाच परत आला. "भूक नव्हती," म्हणे.

मग त्या प्रोग्रॅमचे मेनू, म्हणजे ह्या गुडुप होणाऱ्या याद्या, बनवणारी मुलगी आली. मला वाटलं, काहीतरी शिकवेल, तर तिने हातात चिठ्ठ्याच ठेवल्या, चाळीस! एकेकीवर एकेक काम. "काकू, जे एकत्र वाटतं त्याचे गठ्ठे करा. चूक-बरोबर काही नसतं." मी म्हटलं, घरी नेऊ का गं?

पलंगावर मांडल्या. हे खिडकीकडे तोंड करून बसलेले. "मला नाही खेळायचं." बरं! मी मुद्दाम 'परत आलेला माल' उचलून 'सुट्टीचा अर्ज'शेजारी ठेवला. एक मिनिट... दोन मिनिटं... "अगं, तो तिथे कुठे!" म्हणजे काचेत सगळं बघत होते की! आले उठून. "मी गोदामात वावरतो तसं लाव. आलं, ठेवलं, गेलं, परत आलं. झाले चार गठ्ठे! सुट्ट्याबिट्ट्या साहेबांच्या टेबलावर, माझ्या दारात नकोत." आणि 'इतर'ची चिठ्ठी टराटरा फाडली. "इतर म्हणजे काय? ज्याला जागा द्यायची नसते त्याला इतर म्हणतात." मी तरी दुसरं काय म्हणत होते, माणसाला सापडायला नको?

मुलीने गठ्ठे पाहिले, लगेच फोटो काढून घेतले. आठ दिवसांत पडद्यावर डावीकडे चार शब्द, खिळे ठोकल्यासारखे! हात थरथरू दे, यादी जागची हलत नाही. महिनाअखेरीला साहेब आले. "परत आलेल्या कड्या किती?" ह्यांनी एक टिचकी मारली. "सत्तावीस." साहेब नुसतं "हं" म्हणाले आणि गेले. आणि ह्यांनी टेबलांपलीकडून माझ्याकडे असं बघितलं... इतक्या वर्षांत कधी... जाऊ दे, ते काय सांगायचं तुम्हाला!

पण पुढचं ऐका ना! रविवारी मी घरी येते तर स्वयंपाकघरातले डबे सगळे जागचे हललेले! "चार गठ्ठे केलेत! आता बघ कसं पटापट सापडतंय!" चेहरा असा फुललेला की, साखर कुठंय हे विचारवेना. "सापडतंय ना?" "हो तर! लगेच!" आज चौथा दिवस, बिनसाखरेचा चहा पितोय आम्ही. हे घोट घेतात, मान डोलावतात, "छान झालाय" म्हणतात...

काल सकाळी ह्यांनी चहा केला. तोही बिनसाखरेचाच. म्हणजे बघा... त्यांनाही सापडत नाहीये हो!