राजाभाऊंची फुकटातली वाइन

छंद महागच असतो म्हणा, पण आमच्या महाडच्या राजाभाऊंना ते पटायचं नाही. ते घरी करवंदांची वाइन करायचे. एकदा त्यांच्या ओटीवर बसलो असताना फोटो काढायचा नाद असलेला माझा मित्र दिलीप कुरकुरला, "कॅमेरा परवडत नाही रे. रोल घ्या, धुवा, प्रिंट काढा."

राजाभाऊ म्हणाले, "माझं बघ. करवंदं वरंध घाटातली, फुकट. बरणी घरची, साखर घरची. खर्च काहीच नाही!"

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. दिलीपने एक घोट घेतला. "वहिनी, साखर राहिली वाटतं."

"राहिली नाही, संपली. महिन्याची रेशनची साखर त्या बरणीत गेली."

राजाभाऊ सवयीने तोच चहा पीत होते. वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांनाही कॅमेरा घ्यायला लावा. आम्हाला तोच परवडेल."