सोमाजीनं तपासलेली काठी

…अन साहेब इचारते काय, तर "कसं वाटलं?" तुमाले सांगतो भाऊ, आमच्या ढिवरपुऱ्यातल्या सोमाजीले पन्नास वर्षांत हे कोनीच इचारलं नोतं. जिवतीच्या रस्त्यावर सिमेंटची कंपनी आली, गावचा तलाव घेतला, तवा नाई इचारलं. तलावाभोवतीची जागा सपाट करून तिथी साहेबलोकांसाठी गोल्फचं मैदान केलं, तवाबी नाई. ज्या तलावात त्याचा आजा, त्याचा बाप मासोळी धरत होते, त्याच तलावात साहेबांचे बुडालेले चेंडू काढाले त्याले रोजीवर लावलं, त्याले अकरा वर्षं झाली, तवा तर नाईच नाई. इचारलं ते कवा, तर दोन हजार नऊ साली एक काठी आली म्हनून.

आता काठी म्हंजे बाभळीची नोय. गोल्फात पयला लांबचा फटका ज्या काठीनं मारते, तिले ड्रायव्हर म्हनते. कंपनीचे सगळ्यात मोठे दातार साहेब, पुन्याचे, ते म्हनाले, "सोमाजी, नवा ड्रायव्हर आलाय, उद्या सकाळी ये." तर हा बिचारा सकाळी आंग धुऊन, केस बसवून जीपपाशी उभा… नव्या मानसाले नमस्कार कराले.

अमेरिकेहून आनलेली काठी, बापा. टोकाले काळं डोस्कं, मोठ्या कवठाएवढं, आतून पोकळ. त्याच्यात दोन इस्क्रू, एक टाचेकडे, म्हंजे दांड्याच्या आंगाले, एक बोटाकडे, म्हंजे शेंड्याले, अन संगं लहानसा पाना. पाना फिरवला का डोस्क्याचं वजन इकडचं तिकडे होते, दांड्यापाशी फिरवला का तोंड वर-खाली होते, अन बरोबर बसलं का "कट्ट" करते. म्हंजे चेंडू जिकडे जात नसन तिकडे नेता येते, असं कागदावर लिवलं होतं. साहेबाचा चेंडू मात्र, काईबी करा, उजव्या आंगाच्या बांबूत. पयल्या दिवसापासून बांबूत. अन सोमाजीचा हात सरळ, काऊन का जाळं फेकून फेकून त्याची कंबर अशी फिरते का पाहत राहावं. साहेबानं त्याले एकदा जुन्या काठीनं मारताना पाह्यलं होतं. म्हनून साहेब म्हनाले, "सगळ्या सेटिंगवर तू मारून बघ, मी लिहून घेतो. काम नीट झालं तर तुझं पर्मनंटचं मी बघतो."

पर्मनंट. अकरा वर्षं ज्या शब्दाची वाट पाह्यली, तो साहेबानं असा पान्याच्या पुडक्यासंगं देऊन टाकला.

पयला फटका मारला. साहेब वही उघडून, "कसं वाटलं?"

"बरं वाटलं साहेब."

"बरं म्हणजे काय? हातात काय जाणवलं? आवाज कसा होता?"

आता काय सांगावं? साहेबाचा पेन थांबलेला, मानूस वाट पाहून राह्यला… सोमाजी म्हने, "रिकाम्या पिप्यावर नारळ पडल्यावानी, साहेब." अन साहेबानं ते लिहून घेतलं. अगा, लिहून घेतलं. सोमाजीचं बोलनं कागदावर उतरलं ते पयल्यांदा, पोलीस ठानं सोडून.

मंग काय, जीभ सुटली. तिसऱ्या दिवशी साहेब "कसं वाटलं?" म्हनाचा उशीर, हा सांगून राह्यला, "वजन टाचेकडे नेलं का काठी आपल्या मनानं डावीकडे वळते, हात थोपवाव लागते. बोटाकडे नेलं का आळशी होते. मधात ठेवलं का काठी हातात हायच नाई असं वाटते. जाळं हातून सुटते अन तलावाच्या पान्यावर उघडाचं राह्यते ना साहेब, तेवढा वेळ. तसं."

दिवसाचे दोनशे फटके. घरी येऊन मनकर्णेले, म्हंजे बायकोले, सांगे का आज साहेबानं दोन पानं भरली. मनकर्णा भात वाढता वाढता म्हने, "काठीची तब्येत पाहून राह्यले साहेब. तुह्या खांद्याचं इचारलं काय?" कारन खांदा असा सुजला होता का सदरा घालाले बायको लागे. "पर्मनंट झालो का दवाखाना फुकट हाय," हा म्हने. म्हंजे फुकट दवाखान्यासाठी खांदा मोडून घेनं चालू होतं.

आठव्या दिवशी निकाल लागला, मधलं सेटिंग. साहेबानं सोताच्या हातानं पाना फिरवला. कट्ट.

रविवारी खेळ. मुंबईच्या हेडऑफिसचे पाहुने आले. मी तिथी चहाचा ट्रे घेऊन उभा, म्हनून सांगतो, ऐकलेलं नाई, पाह्यलेलं हाय. दातार साहेब पाहुन्याले म्हनते, "मी स्वतः आठ दिवस टेस्ट केलाय. फील म्हणाल ना, तर जाळं हातातून सुटतं आणि पाण्यावर उघडायचं असतं… तसा." सोमाजी मांगं पिशवी धरून उभा. तोंडावरची माशीबी नाई उडवली त्यानं.

साहेबानं मारला. बांबूत. दुसरा मारला. बांबूत. तिसऱ्यानं तर बांबूतले बगळे उडाले. साहेब घामाघूम, मांगं वळून, सवयीनंच म्हना, "सोमाजी, कसं वाटलं?"

अन हा लेकाचा खरं सांगून बसला. आठ दिवस खरंच मांगत होते ना त्याले. म्हने, "काठी सरळच हाय साहेब. तुमचा खांदा आधी फिरते, हात मांगून येते. त्याच्यासाठी पाना नाई भेटत."

मुंबईचा पाहुना असा हसला का चहा नाकातून आला. कप माह्या ट्रेवर लवंडला. साहेब हसले नाईत.

सोमवारी गेटवर सोमाजीचा पास काढून घेतला. तो साहेबाच्या बंगल्यावर गेला, तर साहेब मिटिंगमधे. ऑफिसात गेला, तर तिथी श्रावणबाबू, आपल्याच गावचा मानूस, मान खाली घालून म्हने, "भाऊ, मंदी चालू हाय, मैदानावरचा एक मानूस कमी कराव लागते. एवढा कागद करून दे. तपासनीवाले येनार हायेत, जानाऱ्या हरेकाचा कागद त्यायले पायजे."

"पर्मनंटचं म्हनाले होते साहेब," सोमाजी म्हने.

"कुठी लिवलं हाय काय?"

कुठी लिवलं असन? दोन वह्या भरल्या होत्या, पन त्यात काठीचंच होतं सगळं.

कागदावर लिवलं होतं, कंपनीतला अनुभव. त्याच्या खाली तीन खाने: उत्तम, चांगला, समाधानकारक. चौथा खानाच नोता. सोमाजीले लिवता येत नाई. बाबूनं शाईचा डबा पुढं सरकवला, "पायजे त्या खान्यावर अंगठा लाव." आता खाना बोटभरबी रुंद नाई, अन जाळं वढून वढून झालेला ढिवराचा अंगठा, दाबला तर तिन्ही खान्यांवर एकदमच बसला. बाबूनं कागद उजेडात धरून पाह्यला, फुंकून वाळवला, अन म्हने, "राहू दे भाऊ. समाधानकारक धरतो."