आकड्यांचा स्वेटर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्या पुढे एक वयस्क जोडपं होतं.

“अठ्ठेचाळीस आकडे कोण लक्षात ठेवणार? मला माझाच फोन नंबर आठवत नाही.”

“काका, त्या आकड्यांशिवाय हा कॉम्प्युटर उघडत नाही. मुलीचे लहानपणापासूनचे फोटो गेले म्हणून समजा.”

“आकडे आहेत हो. हिने स्वेटरमध्ये विणून ठेवलेत.”

“स्वेटरमध्ये?”

“कागद दिला की हे हरवतात. म्हणून पाच या आकड्याला पाच उलटे टाके, मग एक सुलट. दोन्ही बाह्यांवर चोवीस-चोवीस.”

“आणि शून्याला, काकू?”

“शून्याला भोक. हे रफू करायला घेऊन निघाले होते.”

“मला वाटलं, कसर लागली.”

“मग तो स्वेटर घेऊन या की.”

“तो लेकीकडे आहे.”

“फोन करा. बाह्यांचा फोटो काढून पाठवेल.”

“ती कामात असते.”

“आणि तिकडे आता उकडत असेल. स्वेटर माळ्यावर गेला असेल.”

“काका, पाच मिनिटांचं काम आहे.”

“तूच कर गं. फोनवर तुझा आवाज बरा येतो.”

“करते. पण अहो, तिच्या लग्नाला आपण गेलो नाही. आधी त्याबद्दल तुम्ही बोला, बाह्यांचं मी नंतर विचारते.”