दोन काचा, दोन थेंब

बसा मंडळी. काकी, तुम्हीपण बसा, सरांच्या फोटोशेजारी. मी शब्बीर. बिराजदार सरांच्या क्लासात एकोणीस वर्षं लॅब सांभाळली. बोलायची सवय सरांना होती, मला न्हाई. आज त्यांच्याच शोकसभेत बोलायला उभा ऱ्हायलोय.

पोरांनो, त्या दोन काचा तुम्ही सगळ्यांनी बघितल्यात. दर बॅचला एका काचेवर सरांच्या रक्ताचा थेंब, दुसरीवर माझा. सरांना शुगर, मला न्हाई. सर म्हणायचे, फरक सांगा. तुम्ही डोळा लावून लावून थकायचात. फरक दिसायचाच न्हाई. मग सर सांगायचे, पेशीवर रिसेप्टर असतात, इन्सुलिनची हाक ऐकणारे. ते या मायक्रोस्कोपात दिसत न्हाईत. सरांच्या पेशींवर ते कमी असतील, न्हाईतर असून ऐकत नसतील. इन्सुलिन बाहेर हाका मारून राहिलंय, आतून कुणी ओ देईना.

एवढं बोलून सर गप्प व्हायचे. तुम्हाला वाटायचं, पाणी प्यायला थांबले. मला ठाऊक होतं. सरांच्या गावी भूकंप झाला तवा त्यांची आई घराच्या दगडांखाली होती. दुपारपर्यंत आवाज येत होता. सरांनी मला एकदाच सांगितलं, “शब्बीर, सगळं गाव रडून राहिलं होतं. त्या रडण्यात आई कुठून बोलतीय, तेच कळंना.”

आता माझं सांगतो. परीक्षेच्या महिन्यात सरांच्या पायाला चप्पल लागली. बोट काळं पडलेलं मी बघितलं. सर म्हणाले, दुखत न्हाई रे, पोरांची परीक्षा झाली की दाखवतो. मी हाव म्हटलं. एक दिवस लॅबमध्ये म्हणाले, “शब्बीर, जरा बस माझ्याजवळ.” मी म्हटलं, सर, बॅच यायलीय, मागून बसतो. मागून कुठलं काय. जखमेचं विष रक्तात उतरलं, सर गेले.

का न्हाई बसलो मी? रोज लॅब उघडतो आणि तेच ऐकू येतं. जरा बस. काल काचा धुवायला घेतल्या. दोन्ही थेंब अजून सारखेच दिसतात. धुववलं न्हाई.

आता आपण उभं राहू. गावात शेवटी एका फौजीनं सगळ्यांना गप्प केलं होतं, दगडाखालचं ऐकू यावं म्हणून. तोवर आईचा आवाज थांबला होता. तसंच गप्प राहायचंय आपल्याला. सरांची हाक माझ्या हातून गेली. तुमच्या शेजारी जो उभा हाय, त्याची जाऊ देऊ नका.

गप्प. ऐका.